अपंगाचा वाटखर्च

प्रवास ठरला की घरातले कोणीतरी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडू लागते. गाडीभाडे, उतरण्याची सोय, जेवणखाण आणि हातखर्च अशी चार कलमे झाली की बेरीज होते व कागद खिशात जातो. घरात अपंग माणूस असेल तर हा कागद फसवा ठरतो. आम्ही स्वतः त्यात फसलो आहोत, म्हणूनच या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत.

आमचे धाकटे बंधू चाकाच्या खुर्चीवर असतात. काही वर्षांपूर्वी नागपूरला आमच्या भाचीचे लग्न निघाले. आम्ही मिरजेचे, म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेसने एक रात्र आणि दुसरा दिवसही गाडीतच. बंधू म्हणाले, "दादा, माझं राहू द्या. उगाच खर्च." आम्ही सर्वांनी ते ऐकून घेतले. खर्च म्हणजे किती, हे ना त्यांना विचारले, ना कागद काढला. मुलीला मंडपात आणण्याचा मान मामाचा. दोन मामा असताना तो आम्ही एकट्यानेच घेतला. परतल्यावर मात्र कागद काढला.

प्रथम गाडीभाडे पाहू. सोबतीवाचून प्रवास करू न शकणारा पांगळा माणूस आणि त्याचा एक सोबती, या दोघांनाही रेल्वे स्लीपर व वातानुकूलित तिसऱ्या वर्गाच्या मूळ भाड्यात ७५ टक्के सवलत देते. वातानुकूलित पहिल्या व दुसऱ्या वर्गात ती ५० टक्के असते. राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांचे दर निराळे. मूळ भाडे १०० रुपये धरले तर दोघांचे मिळून ५० होतात. धडधाकट माणसाच्या निम्म्या भाड्यात दोघे जण! हिशेब करणारा येथेच सुखावतो आणि येथेच चुकतो. आरक्षणाचा व सुपरफास्टचा आकार पुरता भरावा लागतो. तात्काळच्या तिकिटावर तर सवलत मुळीच नाही. कोणाच्या आजारपणाला किंवा मयताला अचानक निघावे लागले, की त्याच ५० चे २०० होतात, वर तात्काळचा आकार वेगळा. शिवाय नियमातले शब्द पाहा: 'सोबतीवाचून प्रवास करू न शकणारा'. जो पांगळा जिद्दीने एकटा हिंडू लागतो, त्याच्या जिद्दीला सवलत नाही.

पण रेल्वेचा प्रवास हा वाटेचा मधला तुकडा झाला. खरा पैसा दोन्ही टोकांना जातो. घरापासून स्टेशनापर्यंत खुर्ची मावेल अशी गाडी हवी. डब्यात चढविण्यास दोन हमाल, उतरविण्यास दोन. जाता-येता हा प्रकार चार वेळा. डब्याच्या अरुंद दारातून साधी खुर्ची जात नाही, माणूस उचलूनच न्यावा लागतो. सोबती घरचा असला तर त्याच्या कामाचा खाडा पडतो, बाहेरचा असला तर त्याची रोजची मजुरी, जेवण आणि झोपण्याची जागा आली. त्याखेरीज लघवीच्या पिशव्या, बसायची गादी, चाकाची जादा ट्यूब आणि पंप. पोचल्यावर एक दिवस पाठ टेकायला हवी, म्हणून मुक्कामाची एक रात्र वाढते. गाडीतल्या शौचकूपात जाता येत नाही, म्हणून बंधू आदल्या दिवसापासून पाणी तोडीत असत. आम्हाला ते कित्येक वर्षे ठाऊकही नव्हते. पाणी न पिणे हे बचतीचे कलम नव्हे. मूत्रमार्गाला संसर्ग झाला की डॉक्टरचे बिल मागाहून येते.

उतरण्याच्या जागेविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. एका गावी लॉजवाल्याला आम्ही फोनवर "लिफ्ट आहे का?" असे विचारले. तो "आहे" म्हणाला. लिफ्ट होती, पण सहा पायऱ्या चढून गेल्यावर! वर न्हाणीघराचे दार २२ इंच आणि खुर्ची २५ इंच. रात्री दहा वाजता दुसरीकडे महागडी खोली घ्यावी लागली. तेव्हापासून आम्ही 'सोय आहे का' असे विचारीत नाही. रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती आणि न्हाणीघराचे दार किती इंच, एवढेच विचारतो, आणि दार टेप लावून मोजायला सांगतो. काही जण फोन ठेवून देतात. त्यातही उत्तर मिळतेच. इतके करूनही काही ना काही फसते, म्हणून बेरजेच्या चौथा हिस्सा आम्ही फसगतीसाठी वेगळा धरतो.

हा काही केवळ आमच्या घरचा अनुभव नव्हे. अमर्त्य सेन यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' या ग्रंथात अपंगाची दुहेरी अडचण सांगितली आहे. त्याला मिळकत कमी होते ही एक. आणि हाती आलेल्या तेवढ्याच पैशात इतरांइतके पदरात पडत नाही, ही दुसरी. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यानेही हे मानले आहे. सामाजिक सुरक्षिततेच्या योजनांत अपंगांना इतरांपेक्षा निदान २५ टक्के अधिक साहाय्य द्यावे, असे त्यात कलम आहे. मग घरच्या कागदावर हा वाढीव आकडा 'बंधूंचा खर्च' म्हणून का लिहावा? तो लग्नाचा खर्च होता. मांडवाचा, आहेराचा जसा वाटून घेतला, तसाच तोही घेता आला असता.

पुढे त्याच भाचीच्या मुलीचे बारसे निघाले. या वेळी कागद दोन महिने आधी काढला. शेजारच्या एका होतकरू मुलाला सोबतीला घेतले. तो नको नको म्हणत असतानाही त्याची मजुरी आधीच ठरविली. सवलत धरूनही बेरीज एकट्याच्या साध्या प्रवासाच्या अडीचपट आली. आम्ही तिघा भावंडांनी ती वाटून घेतली आणि कागद बंधूंच्या हाती दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, खिशातले पेन काढले आणि म्हणाले, "दादा, परतीची हमाली धरायची राहिली आहे."