फिरतीची नोकरी आणि व्यायामातील सातत्य : प्रेरणेचा एक विचार

सारांश

कामानिमित्त वारंवार प्रवास करावा लागणाऱ्या व्यक्तींचा व्यायाम खंडित होतो आणि त्याचे खापर बहुधा त्यांच्या इच्छाशक्तीवर फोडले जाते. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे. व्यायामाची सवय ही स्थळ, वेळ व सोबत यांच्याशी बांधलेली असते आणि प्रवासात नेमके हेच धागे तुटतात. म्हणून व्यायाम स्थळापासून सोडवून प्रवासातही टिकणाऱ्या प्रसंगांशी जोडणे, फिरतीच्या दिवसांसाठी वेगळे व लहान उद्दिष्ट ठेवणे आणि खंड पडल्यास विनाविलंब परतणे या तीन गोष्टींवर सातत्य अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : फिरती, व्यायाम, प्रेरणा, सवय, संकेत, सातत्य

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापन ही वरकरणी एका जागी बसून करण्याची नोकरी वाटते. प्रत्यक्षात बहिःस्थ परीक्षक म्हणून घ्यावयाच्या प्रात्यक्षिक परीक्षा, भरारी पथक, उत्तरपत्रिकांचे मूल्यमापन, अभ्यासमंडळाच्या बैठका, निवड समित्या, उजळणी वर्ग आणि चर्चासत्रे यांमुळे प्राध्यापकाच्या वर्षातील बरेच दिवस घराबाहेर जातात. तालुक्याच्या गावी नोकरी व जिल्ह्याच्या ठिकाणी बिऱ्हाड अशी स्थिती असलेल्यांना तर रोजची ये-जा चुकत नाही. वैद्यकीय प्रतिनिधी, लेखापरीक्षक, विक्री अधिकारी यांची नोकरी तर मुळातच फिरतीची असते.

या प्रश्नाकडे केवळ वैयक्तिक गैरसोय म्हणून पाहता येणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील मधुमेही व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशातील जवळजवळ निम्म्या प्रौढ व्यक्तींची शारीरिक हालचाल अपुरी होती. व्यायामाचे महत्त्व सुशिक्षित वर्गाला ठाऊक नाही असे नाही. तरीही माहिती असणे आणि आचरण टिकणे यांत मोठे अंतर राहते आणि फिरतीमुळे ते वाढते. या अंतराची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. दोष प्रवासाचा की बैठकीचा?

प्रवासामुळे प्रकृती बिघडते, असे सरसकट म्हटले जाते. या विधानाची तपासणी करताना ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील दुमजली बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांविषयी केलेला आणि १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उद्‌बोधक ठरतो. चालक व वाहक दोघेही एकाच गाडीतून, एकाच रस्त्याने प्रवास करीत. चालक जवळजवळ संपूर्ण पाळी बसून काढी, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिने चढत-उतरत असे. वाहकांमध्ये हृदयरोगाचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. शिवाय तो तुलनेने उशिरा व कमी तीव्रतेने उद्भवत असे. याच संशोधकांनी १९५६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा नोकरीत लागतानाच चालकांचा कंबरेचा घेर अधिक असल्याचे दिसून आले. त्यामुळे या एका तुलनेवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. तथापि, शारीरिक हालचाल हृदयाला संरक्षण देते या निष्कर्षाला नंतरच्या अनेक दशकांतील संशोधनाने पुष्टीच दिली आहे.

एकच प्रवास एकाला अपायकारक आणि दुसऱ्याला तितकासा नाही, याचा अर्थ दोष अंतराचा नसून बैठकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चार तास वा त्याहून अधिक काळ सलग बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मूळ धोका अल्प असला तरी ही बाब विमानाइतकीच बस, रेल्वे व मोटार यांनाही लागू आहे. कामानिमित्त प्रवास करणाऱ्या अमेरिकी नोकरदारांविषयी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महिन्यातून २० वा अधिक रात्री घराबाहेर काढणाऱ्यांची प्रकृती १ ते ६ रात्री बाहेर राहणाऱ्यांपेक्षा खालावलेली आढळली. मात्र मुळीच प्रवास न करणाऱ्यांची प्रकृतीही अल्प प्रवास करणाऱ्यांइतकी चांगली नव्हती. तेव्हा फिरती म्हणजे अनारोग्य, असे सरळ समीकरण मांडता येत नाही.

३. सवय जागेला का चिकटते?

घरी असताना नियमित व्यायाम करणारी व्यक्ती परगावी गेल्यावर एकाएकी आळशी होते काय? मानसशास्त्राचे उत्तर नकारार्थी आहे. सवय ही विशिष्ट संकेतांना दिलेला, विचाराविना घडणारा प्रतिसाद असते. दाराजवळ ठेवलेले बूट, पहाटेचा ठरलेला चहा, कोपऱ्यावर वाट पाहणारा मित्र, नेहमीचे मैदान हे सारे संकेत होत. ते समोर असतात तोवर ‘आज जावे की न जावे’ हा प्रश्नच उद्भवत नाही.

वेंडी वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. व्यायाम, वृत्तपत्रवाचन व दूरदर्शन पाहणे या सवयी नव्या ठिकाणीही जुन्यासारखी परिस्थिती लाभली तेथे टिकल्या. परिस्थिती बदलली तेथे विस्कटल्या आणि कृती पुन्हा जाणीवपूर्वक निर्णयावर अवलंबून राहू लागली.

लातूरचा एखादा प्राध्यापक मूल्यमापनाच्या कामासाठी नांदेडच्या विद्यापीठात आठवडाभर राहतो, अशी कल्पना करावी. तीन-चार तासांचा एस.टी.चा प्रवास, दिवसभर उत्तरपत्रिकांपुढील बैठक, रात्री उशिरा जेवण आणि अनोळखी खोलीतील अपुरी झोप. येथे त्याच्या घरच्या संकेतांपैकी एकही उपस्थित नसतो. घरी जे आपोआप घडत होते ते येथे दररोज नव्याने ठरवावे लागते. आणि थकलेल्या मनाचा निर्णय बहुधा पलंगाच्या बाजूनेच लागतो. म्हणजे उणीव त्याच्या निश्चयात नसून सवयीच्या आधारांत आहे. हा भेद लक्षात न घेता स्वतःला बोल लावत राहिल्यास अपराधीपणा तेवढा वाढतो, व्यायाम वाढत नाही.

४. प्रेरणेचा दर्जा

प्रेरणा किती आहे याइतकेच ती कोणत्या प्रतीची आहे हेही महत्त्वाचे ठरते. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांनी विकसित केलेल्या स्वयंनिर्धारण सिद्धांतानुसार माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा आहेत : स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा. या गरजा भागतात तेव्हा कृती टिकते. केवळ भीती, लाज वा इतरांचा आग्रह यांवर उभी असलेली कृती दबाव सरताच थांबते.

फिरतीत या तिन्ही गरजांना धक्का बसतो. वेळापत्रक इतरांच्या हाती गेल्याने स्वायत्तता घटते. घरच्या एक तासाच्या तुलनेत परगावचा पाव तास क्षुल्लक वाटल्याने सक्षमतेची जाणीव उणावते. नेहमीचे सोबती नसल्याने आपलेपणा हरवतो. म्हणून उपायही याच तीन दिशांनी शोधावा लागतो. कोणता व्यायाम व केव्हा करावयाचा हे निघण्यापूर्वी स्वतः ठरवावे, हमखास पार पडेल इतकेच उद्दिष्ट ठेवावे आणि शक्य तेथे सहकाऱ्याला बरोबर घ्यावे.

या संदर्भात पंढरीच्या वारीचे उदाहरण मार्गदर्शक आहे. वारकरी ऐन पावसाळ्यात दिवसेंदिवस चालतो. पण ‘आज चालावे काय’ असा प्रश्न त्याला रोज सकाळी सोडवावा लागत नाही. निघण्याची तिथी, मुक्कामाची गावे आणि दिंडीतील सोबत आधीच ठरलेली असते. वारीमागील भक्ती व्यायामाच्या तराजूत मोजण्याची गोष्ट नव्हे, हे खरेच. परंतु निर्णय अगोदर झालेला असला आणि सोबत भक्कम असली म्हणजे पाय थकूनही चालणे थांबत नाही, एवढे तिच्यावरून निश्चितपणे समजते.

५. संकल्पाची रचना

‘प्रवासातही व्यायाम करीन’ हा संकल्प उदात्त असला तरी ढोबळ आहे. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये केलेल्या विवेचनानुसार ‘अमुक प्रसंग आला तर तमुक कृती करीन’ अशा जर-तर स्वरूपात बांधलेला संकल्प सिद्धीस जाण्याची शक्यता अधिक असते. कारण अशा संकल्पात कृतीची सूत्रे प्रसंगाच्या हाती सोपवलेली असतात आणि ऐन वेळी विचार करण्याचा भार उरत नाही.

येथे प्रसंगाची निवड कळीची आहे. मैदान, व्यायामशाळा, घराची गच्ची हे संकेत बरोबर नेता येत नाहीत. परंतु उठल्यावर तोंड धुणे, स्नान, रात्रीचे जेवण, गाडीची प्रतीक्षा हे प्रसंग कोणत्याही गावी घडतातच. म्हणून ‘स्नानापूर्वी सूर्यनमस्कार’, ‘जेवणानंतर पंधरा मिनिटे शतपावली’, ‘गाडी येईपर्यंत बाकावर न बसता फलाटावर फेऱ्या’ असे संकल्प गावोगाव टिकतात. हाच क्रम घरीही पाळला तर उत्तम. कारण मग प्रवासात नवे काही सुरू करावे लागत नाही, असलेलेच पुढे चालू राहते.

६. फिरतीत किती व्यायाम पुरेसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. यातील महत्त्वाचा बदल असा, की हालचाल सलग किमान दहा मिनिटे असावी ही २०१० च्या शिफारशीतील अट आता राहिलेली नाही. जिन्याचे चार मजले किंवा बसस्थानकापासून अतिथिगृहापर्यंतची झपाट्याची चाल हीदेखील हिशेबात धरता येते. ‘सलग तास मिळत नाही, मग करायचेच कशाला’ या युक्तिवादाला त्यामुळे आधार उरत नाही.

दुसरा मुद्दा टिकवण्याचा. रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८१ व १९८२ मधील प्रयोगांत आधी आठवड्याला सहा दिवस ४० मिनिटे जोमाचा व्यायाम करणाऱ्यांपैकी काहींचे दिवस दोनवर, तर काहींचा अवधी १३ मिनिटांवर आणला गेला. व्यायामाची तीव्रता कायम ठेवल्यामुळे पुढील १५ आठवडे त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकून राहिली. कमावण्यास जितके श्रम लागतात तितके राखण्यास लागत नाहीत, असा याचा आशय. म्हणून फिरतीच्या दिवसांत प्रगतीचे नव्हे, तर राखणीचे उद्दिष्ट ठेवणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे.

साधनांची अडचणही वाटते तितकी मोठी नाही. जोर, बैठका, भिंतीला हात टेकून काढलेले जोर आणि सूर्यनमस्कार यांना सतरंजीएवढी जागा पुरते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्काराचा आग्रहाने प्रसार केला आणि त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. उपकरणाविना, अल्प जागेत व कोणत्याही ऋतूत करता येणारा हा व्यायाम फिरतीवरील व्यक्तीस आजही सोयीचा आहे. विशेषतः प्राध्यापिकांना परक्या गावी पहाटे वा रात्री एकटीने फिरण्यास जाणे नेहमीच सुरक्षित वाटत नाही. त्यांच्यासाठी खोलीतील व्यायाम हा दुय्यम पर्याय नसून मुख्य पर्याय ठरतो. अर्थात, हृदयविकार, उच्च रक्तदाब वा सांध्यांचे दुखणे असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे. तसेच रात्रभर प्रवास झाला असल्यास आधी झोप पुरी करणे हाच शहाणपणा होय.

७. खंड आणि पुनरारंभ

सर्व तयारी करूनही काही दिवस रिकामे जाणारच. फिरतीतील सर्वांत मोठे नुकसान त्या रिकाम्या दिवसांमुळे होत नाही. ते होते परतल्यानंतरच्या विचारामुळे. ‘नेम मोडला तो मोडलाच, आता एक तारखेपासून पाहू’ या विचारात चार दिवसांचा खंड महिन्याचा होतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अॅलन मार्लाट यांनी या मनोवृत्तीचे सविस्तर विश्लेषण केले आहे. एका चुकीला माणूस स्वतःच्या स्वभावाचा पुरावा मानतो आणि प्रयत्नच सोडून देतो.

फिलिपा लॅली यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९६ व्यक्तींवरील अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास १८ पासून २५४ दिवसांपर्यंत कालावधी लागेल असे अनुमान निघाले. त्याचे मध्यक ६६ दिवस होते. परंतु एखादी संधी हुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेला लक्षणीय बाधा आली नाही. म्हणून परतीचा दिवसही आधीच ठरवलेला असावा. घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळी, अर्ध्या मात्रेने का होईना, नेहमीच्या जागी उभे राहावे. नेम म्हणजे कधीही न मोडणे नव्हे. मोडल्यावर लगेच सांधणे हाही नेमाचाच भाग आहे.

८. संस्थांची जबाबदारी

हा विषय सर्वस्वी व्यक्तीवर सोपवणे न्याय्य नाही. प्रवासाच्या दिवशीच सकाळी अहवाल मागणारी पत्रे, सलग चार-चार तासांच्या बैठका, रात्री दहानंतरची भोजनव्यवस्था या गोष्टी व्यक्तीच्या हाती नसतात. उजळणी वर्गाच्या वेळापत्रकात सकाळचा अर्धा तास सामूहिक व्यायामासाठी राखणे, मूल्यमापन केंद्रात दर तासाला पाच मिनिटे उठण्याची मुभा देणे, अतिथिगृहाच्या आवारात पुरेसा उजेड असलेला चालण्याचा मार्ग ठेवणे यांस फारसा खर्च येत नाही. येथेही स्वायत्तता जपली पाहिजे. हजेरीपत्रकावर सही घेऊन करवलेला व्यायाम वर्ग संपताच संपतो.

९. समारोप

फिरतीच्या नोकरीत व्यायाम टिकत नाही याचे कारण मनाच्या दुबळेपणात शोधण्याची सवय सोडावी लागेल. घरचा नेम घराच्या भिंतींवर उभा असतो. तो तसाच उचलून नेता येत नाही. स्थळाऐवजी दिनक्रमातील प्रसंगांशी जोडलेला, राखणीपुरता आखलेला आणि खंडानंतर सहज पुन्हा सुरू होणारा नेम मात्र पिशवीतील धोतराच्या घडीसारखा कुठेही बरोबर जातो. लंडनच्या बसमधील चालकाला जागा सोडण्याची मुभा नव्हती; आजच्या प्रवाशाला ती बऱ्याच अंशी आहे. गाडी थांबते तेथे उतरावे, चार पावले चालावीत आणि मुक्कामी पोहोचल्यावर सतरंजी अंथरावी, इतक्या साध्या कृतींवर पुढील वीस वर्षांचे आरोग्य अवलंबून असू शकते.