नांव मोठें, लक्षण कोणतें?

धुळें-जळगांवांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत आतां लहान मोटार दिसूं लागली आहे. पण ती घेतांना आपण नांवालाच भुलतों. २०१९ सालीं मारुतीची ‘बलेनो’च टोयोटाची ‘ग्लान्झा’ म्हणून बाजारांत आली. घडण तीच, बिल्ला निराळा! बिल्ल्यानें कांहीं प्राण वांचत नाहींत. चाकण येथें बनलेल्या फोक्सवॅगन ‘पोलो’च्या एअरबॅग नसलेल्या स्वस्त प्रतीस २०१४ मध्यें ‘ग्लोबल एनकॅप’च्या आघात-परीक्षेंत मोठ्या माणसांच्या रक्षणाबद्दल शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅग बसवलेल्या प्रतीस चार. २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही स्वदेशी परीक्षाही सुरू झाली. मात्र ती ऐच्छिक आहे. म्हणून मुलाबाळांसह सुरत-नागपूर महामार्गावर निघणाऱ्या गृहस्थानें खरेदीपूर्वीच हा निकाल विक्रेत्याकडे मागावा.