पहिली ऑफ-रोड बाइक : सीसीआधी किलो मोजा

आठवडाभर नंबर प्लेट लावून ऑफिसला न्यायची आणि रविवारी पाणंदीत, मुरमाच्या चढावर, ओढ्याच्या पात्रात घालायची, अशी मोटारसायकल घ्यायचे मनात आले की नवखा माणूस पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतो. मग मायलेज, मग रंगरूप. वजनाचा आकडा माहितीपत्रकाच्या तळाशी तसाच पडून राहतो. वास्तविक सुरुवात तिथूनच व्हायला हवी. कच्च्या वाटेवर शिकणारा माणूस पडतो, आणि पुनःपुन्हा पडतो. बहुतेक वेळा वेग इतका कमी असतो की त्याला फारसे लागत नाही, पण गाडी आडवी होते आणि ती त्यालाच उचलावी लागते. जी गाडी एकट्याने उचलता येते आणि पडायच्या आधी सावरता येते, तिच्यावरच शिकणे पुढे सरकते. या विषयातले बहुतेक गैरसमज ही साधी गोष्ट नजरेआड झाल्यामुळे रुजले आहेत.

गैरसमज : मोठे इंजिन घेतलेले बरे, छोटे लवकरच कमी पडेल

डांबरी रस्त्यापुरते यात तथ्य आहे. हायवेवर ओव्हरटेक करताना 200 सीसीच्या गाडीला वेळ लागतो, आणि ऐंशीच्या पुढे ती दमते. पण दगडगोट्यांच्या वाटेवर नवख्याचा वेग बहुधा वीस-पंचवीसच्या आसपास असतो. तिथे लागतो तो खालच्या गिअरमधला सावकाश, हुकमी जोर, आणि तो छोटे इंजिनही देते. मोठ्या इंजिनावर मनगट जरा जास्त पिळले गेले तरी मागचे चाक मातीत भिरभिरते आणि गाडी आडवी घसरते. हीरो एक्सपल्स 200 4व्ही साधारण 19 पीएस ताकद देते, रॉयल एनफील्ड हिमालयन 450 सुमारे 40. त्या दुप्पट ताकदीपैकी किती शेवाळलेल्या चढावर नवख्याच्या कामी येते, हा खरा प्रश्न आहे. डकार रॅली जगातल्या सर्वांत खडतर शर्यतींपैकी एक. तिथल्या कसलेल्या स्वारांनाही 450 सीसीची कमाल मर्यादा पाळावी लागते. युरोपात तरुण चालकाला ताकदीच्या पायऱ्या चढत परवाना मिळतो. सुरुवातीची पायरी 125 सीसी आणि 11 किलोवॉटची. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली की गिअरच्या गाडीचा एकच परवाना 125 सीसीलाही चालतो आणि हजार सीसीलाही. कायदा अडवत नाही, म्हणून तारतम्य आपणच बाळगायचे. पुढे ताकद खरोखर अपुरी वाटू लागली तर छोटी गाडी विकून मोठी घेता येते. मोठ्या गाडीची धास्ती मनात बसली तर मात्र कच्च्या रस्त्याचा नादच सुटतो.

गैरसमज : जड गाडी रस्त्याला धरून राहते

हायवेवर, बाजूने वारा मारत असताना, हा अनुभव खरा असतो. उतारावर, सुट्या खडीत मात्र तेच वजन उलटते. गाडी सरळ उभी असते तोवर तिचा भार चाके पेलतात. कलू लागली की तो पायावर आणि हातावर येतो, आणि एका मर्यादेपलीकडे कलली की कितीही दणकट माणूस तिला थोपवू शकत नाही. हलक्या गाडीत सावरायला जास्त वाव मिळतो. सर्व द्रव्यांसह हिमालयन 450 चे वजन 196 किलो, एक्सपल्स 200 4व्हीचे 160 किलोच्या आत, कावासाकी केएलएक्स 230 चे 139 किलो. पहिलीत आणि शेवटचीत 57 किलोंचा, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याहून जास्त फरक आहे. तो शोरूममध्ये जाणवत नाही, पडलेल्या गाडीपाशी जाणवतो. आधी किल स्विच दाबून इंजिन बंद करायचे आणि गाडी गिअरमध्ये आहे ना हे पाहायचे, म्हणजे ती घरंगळत नाही. उजव्या कुशीवर पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढायचा, नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे पुन्हा आडवी होते. मग हँडल वळवून गाडीकडे पाठ करायची, सीटला टेकून बसकण मारायची, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्याने मागची पक्की जागा धरायची, आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर मागे रेटत उठायचे. तंत्र जमले की 196 किलोही उठतात, हा आक्षेप रास्त आहे. पण पहिल्यांदा उचलणे वेगळे आणि चिखलात, उन्हात, दमलेल्या अंगाने पाचव्यांदा उचलणे वेगळे.

गैरसमज : दोन्ही पाय सपाट टेकले नाहीत तर गाडी आपली नाही

एक्सपल्स 200 4व्हीची सीट जमिनीपासून सुमारे 825 मिमी, तिच्याच ‘प्रो’ प्रकाराची 891 मिमी, आणि केएलएक्स 230 ची 880 मिमी उंच आहे. आकडे ऐकूनच मध्यम उंचीची माणसे माघार घेतात. पण उंची हौसेची नसते. खड्डे पचवायला सस्पेन्शनला हालचाल हवी आणि पोटाखालून दगड जायला जागा हवी, म्हणून गाडी उंच होते. बसल्यावर ती अंगाच्या भाराने थोडी खचते, आणि थांबताना सीटवर एका बाजूला सरकून एक पाय नीट टेकला तरी बहुतेक वेळा भागते. अडचण येते ती उंची आणि वजन एकत्र आल्यावर. उंच पण हलकी गाडी एका चवड्यावर तोलता येते, उंच आणि जड गाडी नाही. त्यामुळे उंचीची भीती वाटणाऱ्यानेही आधी वजनच पाहावे. मागची लिंक बदलून गाडी बुटकी करणे हा सोपा तोडगा वाटतो, पण त्याने जमिनीपासूनचे अंतर घटते आणि ज्यासाठी गाडी घेतली तेच हातचे जाते.

गैरसमज : चोच, उंच काच आणि बॅगांचे रॅक असले की झाली ऑफ-रोड

‘अ‍ॅडव्हेंचर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्या मुळात लांब पल्ल्याच्या डांबरी प्रवासासाठी बनलेल्या असतात. त्यात गैर काही नाही, फक्त गल्लत नको. पाहायचे ते चाकांत आणि सस्पेन्शनमध्ये. पुढचे 21 इंची चाक दगडावर किंवा चरावर कमी तीव्र कोनात आदळते, म्हणून अडण्याऐवजी वर चढते. तारांची चाके धक्क्याने थोडी लवचीकपणे दबतात. अलॉय चाकाला जबर फटका बसला तर ते तडकू शकते. तारांच्या बहुतेक चाकांत ट्यूब असते आणि पंक्चर झाले की चाक उतरवावे लागते, हा रोजच्या वापरातला तोटा नाकारण्यात अर्थ नाही. सस्पेन्शनची हालचालही तपासा. साध्या एक्सपल्सला पुढे 190 मिमी मिळते, प्रोला 250. नवख्याला पहिला आकडा पुरेसा आहे.

गैरसमज : कच्च्या रस्त्यावर एबीएस घातकच

अर्धे खरे असल्यामुळे हा समज चिवट आहे. सुट्या मातीत लॉक झालेले चाक पुढे मातीचा ढिगारा साठवते आणि त्यानेही गाडी थांबायला मदत होते. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून तिथे थांबायला जास्त अंतर लागू शकते. मागचे चाक मुद्दाम घसरवून गाडी वळवण्याची युक्तीही एबीएस चालू असताना जमत नाही. म्हणून मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय असावी. पुढचे मात्र नवख्याने चालूच ठेवावे. मागचे चाक घसरले तर सावरायला क्षणभर मिळतो. पुढचे लॉक झाले की गाडी हातातून गेलीच. आणि डांबरावर परतलो की सगळे एबीएस चालू आहे ना, याची खात्री करूनच वेग वाढवावा.

गैरसमज : गाडी आपली, कशीही बदला, कुठेही न्या

शोरूममध्ये मिळणारी प्रत्येक डर्ट बाइक पासिंगची नसते. कावासाकीचीच केएलएक्स 230 आरटीओत नोंदवता येते, केएलएक्स 140 आणि शर्यतीच्या केएक्स मालिकेतल्या गाड्या बंदिस्त ट्रॅकपुरत्या आहेत. ट्रॅकपर्यंतही त्या टेम्पोत घालूनच न्याव्या लागतात. नोंदलेल्या गाडीत मनमानी फेरफार करायलाही मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय नंबर प्लेट हा जंगलात घुसण्याचा परवाना नव्हे. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि कासच्या सड्यावर कातळावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की चाकांनी तो उखडला तर फुलांची जागाच जाते.

उरतो एक सबळ आक्षेप : वर्षातले नव्वद टक्के अंतर डांबरावर कापायचे असेल, मागे कोणी बसणार असेल, लडाख डोळ्यांसमोर असेल, तर हलक्या गाडीचा आग्रह कशाला? आग्रह नाहीच. अशा माणसाने खुशाल मोठी टुरिंग गाडी घ्यावी, फक्त तिच्यावर कच्च्या रस्त्याचे धडे पटकन गिरवता येतील ही अपेक्षा सोडावी. ज्याला ते धडेच हवे आहेत, त्याच्या बाजूने पैशाचा हिशेबही बोलतो. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर 18 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांवर 40 टक्के. किमतीतल्या फरकातून आयएसआय मार्कचे चांगले हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, गुडघ्या-कोपरांची पॅड्स आणि एखाद्या प्रशिक्षण शिबिराची फी निघते, वर पेट्रोलला पैसे उरतात. नवख्याच्या गाडीवर घालता येणारा सर्वांत उपयोगी खर्च तोच आहे.