मुलाखतीला उशीर झाला, तर परत फिरू नका

मंडळी, मुलाच्या किंवा मुलीच्या मुलाखतीचे बोलावणे आले की घरात केवढी गडबड उडते, हे तुम्हाला सांगायला नको. आई देवापुढे साखर ठेवते, वडील भाड्याचे पैसे बाजूला काढतात, रात्रीच शर्टाला इस्त्री होते. सगळे होते, पण वाटेत उशीर झाला तर काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्याही घरात सांगितले नव्हते.

माझ्या पुतण्याला शहरातल्या एका कारखान्यातून बोलावणे आले. वेळ सकाळी अकराची. पहाटेची एसटी घाटात बंद पडली. दहा वाजता त्याचा फोन आला, "काका, वेळेत काही पोचत नाही. काय करू?" मी म्हणालो, "आता उशिरा जाऊन हसे कशाला करून घेतोस? ये परत." तो परत आला. पाच-सहा दिवसांनी त्याने कारखान्यात फोन करून पाहिला, तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "आम्ही चारपर्यंत बसलो होतो. त्या दिवशी फोन केला असता तर शेवटी घेतले असते. आता जागा भरली." पुतण्याने मला दोष दिला नाही, पण माझे बोलणे मला अजून टोचते. म्हणून हे लिहितो आहे.

उशीर हा गुन्हा नाही; न कळवणे हा दोष आहे. आपलेच पाहा. मजुराने रात्री निरोप दिला की उद्या जमत नाही, तर आपण दुसरा माणूस बघतो, राग धरत नाही. न सांगता दांडी मारणाऱ्याला मात्र पुन्हा बोलावताना दहादा विचार करतो. मुलाखत घेणारेही तसेच तोलतात.

तयारी आदल्या रात्रीच करावी. बोलावण्याच्या पत्रावरचा किंवा संदेशातला फोन नंबर, पत्ता आणि साहेबांचे नाव एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. मोबाईलची बॅटरी वाटेत उतरली तर ही चिठ्ठीच उपयोगी पडते. जी एसटी बरोबर वेळेवर पोचवते, तिच्या आधीची धरा. गाव लांब असेल तर आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्कामाला जा.

उशीर होणार असे दिसताच फोन करा. वेळ उलटून गेल्यावर नव्हे. फोन उमेदवाराने स्वतः करावा, वडिलांनी किंवा भावाने नव्हे. बोलणे एवढेच: "नमस्कार साहेब. मी अमुक. आज अकराला माझी मुलाखत आहे. आमची एसटी बंद पडली आहे. मी साडेबारापर्यंत पोचेन. आल्यावर घ्याल का, की दुसरी वेळ द्याल?" कारण एका वाक्यात सांगा. पोचायची वेळ अर्धा तास वाढवूनच सांगा. दुसऱ्यांदा चुकले तर विश्वास जातो. फोन उचलला नाही तर तोच मजकूर संदेशाने पाठवा आणि प्रवास चालू ठेवा.

तारीखच बदलून हवी असेल, तर बोलावणे आले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळवा. त्याच दिवशी परीक्षा आहे, घरात कोणी दवाखान्यात आहे, ही कारणे माणसे समजून घेतात. आपल्याला जमतील अशा दोन-तीन तारखा सोबत द्या. मागणी एकदाच करावी. आणि खोटे कारण देऊ नका. एका वर्षात आजीला दोनदा मारणारे उमेदवार साहेबांनी पुष्कळ पाहिलेले असतात.

सरकारी भरतीची गोष्ट वेगळी. परीक्षेचे दार ठरल्या वेळी बंद होते, तिथे विनवणी चालत नाही. कंत्राटी जागांच्या थेट मुलाखतीतही नावनोंदणीची वेळ जाहिरातीत दिलेली असते, ती नीट वाचा. तरीही रीतसर विचारायला हरकत नाही. २०२४ च्या जूनमध्ये राज्यात पोलीस भरतीची मैदानी चाचणी ऐन पावसात सुरू झाली. ज्यांना एकाच दिवशी दोन ठिकाणी बोलावणे होते, त्यांना वेगळी तारीख देण्याचे पोलीस खात्याने तेव्हा जाहीर केले. अडचण खरी असेल तर वाट निघते. पण ती लेखी मांडावी लागते, आणि मुदतीत.

उशिरा पोचलात तर धापा टाकत आत शिरू नका. तोंडावर पाणी मारा, घोटभर प्या, मग आपण आल्याचे कळवा. आत गेल्यावर "उशीर झाला, माफ करा" एवढे एकदाच म्हणा. एसटीची कहाणी लावू नका. त्यांनी विचारले तरच सांगा. नाहीच घेतले, तर वाद न घालता नमस्कार करा आणि पुढच्या वेळी अर्ज करता येईल का, ते विचारून या. फेरी अगदीच वाया जात नाही.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. वाटेतून मुलाचा फोन आला, तर माझ्यासारखे "ये परत" म्हणू नका. "आधी त्यांना फोन कर, आणि पुढे जा" एवढेच म्हणा.