नाव, कूळ आणि आजार : रक्तातील मायकोप्लाझ्मांची परिभाषा

शास्त्रीय परिभाषेची चर्चा मराठीत बहुधा प्रतिशब्दांच्या अंगाने होते. संज्ञेला संस्कृतोद्भव पर्याय द्यावा की ती देवनागरीत जशीच्या तशी स्वीकारावी, एवढ्यापुरताच वाद सीमित राहतो. परंतु संज्ञेमागील कल्पनाच बदलली, तर प्रतिशब्दाने काय करावे? मांजर, कुत्रा, डुक्कर, मेंढी, गाय यांच्या रक्तात आढळणाऱ्या मायकोप्लाझ्मांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते.

१९२८ साली किकुथ यांनी प्लीहा काढलेल्या कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींना चिकटलेले सूक्ष्म कण पाहिले. १९४२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्लार्क यांनी मांजराच्या रक्तातील अशाच जीवाचे वर्णन करून त्याला 'एपेरिथ्रोझून फेलिस' म्हटले. या ग्रीक घडणीचा अर्थ 'तांबड्या पेशीवरील प्राणी' असा आहे. पुढे अमेरिकेत 'हिमोबार्टोनेला फेलिस' हे नाव रूढ झाले. नावे दोन असली, तरी हे जीव रिकेट्सियांच्या कुळातले, हे गृहीतक समान होते. त्यांची प्रयोगशाळेत वाढ करता येत नसल्याने ते पडताळण्याचे साधनही नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकीय अनुक्रम वाचता येऊ लागला आणि हे जीव मायकोप्लाझ्मांचे निकटचे आप्त असल्याचे दिसून आले. त्यानुसार २००१ मध्ये नामांतराचा प्रस्ताव आला व 'मायकोप्लाझ्मा हिमोफेलिस' हे नाव प्रचारात आले.

या नामांतराने औषध बदलले असे नव्हे. टेट्रासायक्लिन गटातील औषधे पूर्वीही दिली जात; आजही डॉक्सिसायक्लिन हाच प्रमुख आधार आहे. मात्र त्याचे कारण अधिक स्पष्ट झाले. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते. त्यामुळे भित्तिकेच्या घडणीवर आघात करणारे पेनिसिलिन येथे निरुपयोगी ठरते. याहून महत्त्वाचे म्हणजे, एका जुन्या नावाखाली वेगवेगळे जीव दडले होते, हे उघड झाले. मांजरातील हिमोफेलिस तीव्र रक्तक्षय घडवू शकतो. 'हिमोमिन्यूटम' पुष्कळदा सौम्य असतो. २००५ मध्ये स्वित्झर्लंडमधून तिसरा, 'ट्युरिसेन्सिस', नोंदला गेला. झुरिकच्या 'ट्युरिकम' या लॅटिन नावावरून ही संज्ञा आली आहे. नाव एकच राहते, तर सौम्य आणि घातक यांतला भेद रोग्याच्या शेजारी बसलेल्याला कळला नसता.

आजाराचे चित्र आपल्याला अपरिचित नाही. मांजर निपचित पडते, अन्न सोडते, हिरड्या पांढुरक्या पडतात, क्वचित पिवळसरही दिसतात. तांबड्या पेशींचा नाश होत असल्याने आयुर्वेदातील 'पांडुरोग' ही संज्ञा येथे लक्षणदृष्ट्या चपखल बसते. परंतु ती लक्षण सांगते, कारण नव्हे. कारण शोधावे तर काचपट्टीवरील रक्त दगा देते. हे जीव रक्तात ठरावीक काळ दिसतात आणि पुन्हा दिसेनासे होतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली काही न आढळणे म्हणजे संसर्ग नसणे नव्हे. खात्रीसाठी पीसीआर चाचणी लागते. बरे झालेले मांजरही संसर्गवाहक राहू शकते. रक्तदाता म्हणून त्याची निवड करण्यापूर्वी तपासणी आवश्यक ठरते, ती याचसाठी.

मराठीत गोचिडांद्वारे होणारे अनेक आजार 'गोचीड ताप' या एकाच नावात सामावले जातात. कुत्र्यांमधील हिमोकॅनिसच्या प्रसारात तपकिरी गोचिडाचा संबंध मानला जातो, हे खरे. परंतु त्याच गोचिडाद्वारे पसरणारे बाबेसिया आणि एर्लिशिया हे सर्वस्वी भिन्न जीव आहेत. बाबेसिया तर जीवाणूही नव्हे, आदिजीव आहे. त्याचे औषध निराळे. मांजरांत पिसवांचा व चावाचावीचा संशय घेतला जातो, तेथे तर गोचिडाचे नावही दिशाभूल करील. 'रक्तजन्य' हा प्रचलित पर्यायही तपासून घ्यावा लागतो. 'जन्य' म्हणजे त्यापासून उत्पन्न झालेला. हे जीव रक्तातून उत्पन्न होत नाहीत, तेथे वसतात. त्यापेक्षा 'रक्तवासी' हा शब्द वस्तुस्थितीला जवळचा आहे.

मग 'मायकोप्लाझ्मा'लाही मराठी रूप द्यावे काय? या शब्दाची फोड कवकाशी संबंधित आहे. १८८९ मध्ये फ्रँक यांनी तो वनस्पतींच्या संदर्भात वापरला होता. या जीवांचा कवकाशी काही संबंध नाही. शब्दशः भाषांतर केल्यास आपण एका जुन्या अपघाताला मराठीत नव्याने जन्म देऊ. म्हणून कुलनाम मूळ रूपात ठेवावे व स्थानवाचक विशेषण मराठीत घडवावे : 'रक्तवासी मायकोप्लाझ्मा'.

परिभाषा ही कोशाची शोभा नव्हे. दवाखान्यात मुके जनावर घेऊन आलेल्या माणसाला आजाराचे नेमके नाव त्याच्या भाषेत सांगता येणे, हा तिचा खरा कस आहे.