नंबर राहतो कुठे?

आईचा मोबाइल नंबर तुला पाठ आहे ना? असणारच! मग सांग बरं, तो नंबर राहतो कुठे?

फोनमध्ये? चूक!

मग त्या नखाएवढ्या सिमकार्डात? तेही चूक!

सिमकार्डाला खरं तर दुसराच आकडा दिलेला असतो. चांगला १५ अंकी! भारतात तो ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. आईलाही तो माहीत नसेल, कारण तो कुणाला सांगायची वेळच येत नाही. आणि आपण पाठ करतो तो १० अंकी नंबर? तो राहतो मोबाइल कंपनीच्या एका भल्यामोठ्या वहीत! कागदाची नाही हं, कॉम्प्युटरमधली वही.

तुमच्या शाळेत कसं होतं बघ. कुणाचे तरी बाबा विसरलेला डबा घेऊन येतात. ऑफिसात फक्त मुलाचं नाव सांगतात. बाई रजिस्टर उघडतात. "पाचवी ब. आत्ता पी.टी.चा तास, म्हणजे वर्ग मैदानावर!" की निघाले शिपाईकाका डबा घेऊन मैदानावर. बाबांना वर्गही माहीत नको आणि मैदानही!

कंपनीची वही अगदी हेच करते. १० अंकी नंबरासमोर १५ अंकी आकडा, आणि शेजारी 'आत्ता कुठे?' असा रकाना. आईचा फोन पर्समध्ये गप्प पडलाय असं तुला वाटतं ना? तो गप्प नसतोच मुळी! मधूनमधून तो जवळच्या टॉवरला कळवत असतो, "मी इथे आहे, मी इथे आहे!"

आता खरी गंमत ऐक.

समज, घराच्या भिंती जाडजूड आहेत. आतल्या खोलीत रेंजची एक दांडी दिसेल तर शपथ! टॉवरचा आवाज फोनला ऐकूच येत नाही. पण घरात वाय-फाय आहे. मग फोन काय करतो, ओळख! तो वाय-फायवरून, इंटरनेटच्या वाटेने, थेट मोबाइल कंपनीचं दार ठोठावतो. "टॉवर सापडत नाही. मला इकडून आत घ्या!"

पण थांब. इंटरनेटवरून तर कुणीही येऊन म्हणेल, "मीच तो फोन." कंपनीने विश्वास कसा ठेवायचा?

इथे सिमकार्ड कामाला येतं. सिममध्ये एक गुपित आकडा दडलेला असतो. तोच आकडा कंपनीकडेही असतो. कंपनी म्हणते, "हा घे एक नवा आकडा. तुझं गुपित वापरून गणित सोडव!" सिम गणित सोडवतं आणि फक्त उत्तर पाठवतं. तिकडे कंपनीही तेच गणित सोडवते. उत्तरं जुळली? उघडलं दार! गुपित आकडा मात्र सिममधून बाहेर पडलाच नाही. दर वेळी गणित नवं, त्यामुळे चोरून ऐकणाऱ्याला जुनं उत्तर मिळालं तरी त्याचा काही उपयोग नाही. किती हुशार युक्ती!

मग कंपनी आपल्या वहीत लिहून टाकते, "हा फोन सध्या वाय-फायवर." आता गावाहून आजोबांनी त्यांच्या बटणांच्या जुन्या फोनवरून आईला फोन लावला, तरी तो वाजतो! आजोबांकडे इंटरनेट नको, कुठलं ॲप नको. व्हॉट्सॲपवर बोलायचं तर दोघांकडेही व्हॉट्सॲप लागतं ना? इथे तसं काही नाही. कंपनीची यंत्रं मध्ये बसतात आणि जुन्या फोनचा आवाज इंटरनेटला चालेल असा करून देतात, इंटरनेटचा आवाज जुन्या फोनला चालेल असा. दोघांनाही पत्ता लागत नाही! ह्याला म्हणतात वाय-फाय कॉलिंग.

पण आवाज इंटरनेटवरून जातो तरी कसा? अख्खा जात नाही! काकडीच्या चकत्या करतात ना, तशा त्याच्या चकत्या होतात. एका सेकंदाच्या ५० चकत्या! तू नुसतं 'हॅलो' म्हटलंस, अर्धा सेकंद लागला, तर झाल्या २५ चकत्या. प्रत्येक चकतीवर क्रमांक घालतात आणि तिला सोडतात पुढे. या चकत्यांना 'पॅकेट' म्हणतात. कधी सातवं पॅकेट सहाव्याच्या आधी पोचतं. मग पलीकडचा फोन जरासा थांबतो, क्रमांक बघतो, सगळी ओळीने लावतो आणि मग ऐकवतो. हे थांबणं इतकं थोडं असतं की आपल्या कानाला कळतही नाही.

आणि एखादं पॅकेट वाटेत हरवलं तर? फोन चक्क अंदाज करतो! आधीच्या पॅकेटात 'आ' चालू होता, म्हणजे पुढेही 'आ'च असणार. तो स्वतःच तेवढा 'आ' बनवून मध्ये बसवतो. आजोबांच्या बोलण्यातला एखादा इवलासा तुकडा आजोबांचा नसून फोनने बनवलेला असू शकतो!

याहून भारी गोष्ट सांगू? आपण बोलायचं थांबतो, तेव्हा फोन आवाजाची पॅकेटं पाठवायचीच बंद करतो. शांतता कशाला पाठवायची? पण मग पलीकडे एकदम चिडीचूप होतं, आणि माणसं घाबरतात. "हॅलो? हॅलो? कट झाला की काय?" म्हणून पलीकडचा फोन स्वतःच हलकीशी 'स्स्स' अशी खरखर तयार करून ऐकवत राहतो. मधूनच इकडून एक छोटंसं पॅकेट जातं, 'खरखर साधारण एवढी ठेव' असं सांगणारं. म्हणजे फोनवर ऐकू येणारी शांततासुद्धा बनवलेली असते! मला तर संपूर्ण फोनमधली ही सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

आवाजाच्या चकत्या करून पाठवायची कल्पना किती जुनी असेल? १९७४! अमेरिकेत इंटरनेटच्या आधीचं 'आर्पानेट' नावाचं जाळं होतं. त्यावरून कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स इथल्या दोन प्रयोगशाळांनी एकमेकींकडे आवाज पाठवला. आपल्याकडे २०१६ मध्ये जिओ आलं, तेव्हा त्यांच्या जाळ्यात जुन्या पद्धतीचे कॉल नव्हतेच. पहिल्या दिवसापासून सगळं बोलणं पॅकेटांतूनच! डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने दिल्लीत वाय-फाय कॉलिंग सुरू केलं, आणि जानेवारी २०२० मध्ये जिओने.

अमेरिकेत तर २०११ मध्येच एक धमाल झाली होती. 'गूगल व्हॉइस' ही फोनसेवा आणि 'स्प्रिंट' ही मोबाइल कंपनी एकत्र आल्या. नंबर एकच, पण कॉल आला की मोबाइलही वाजणार आणि कॉम्प्युटरही! नंबर फोनमध्ये नाही, वहीत राहतो, म्हणून तर हे जमलं. वहीत एका नंबरासमोर दोन ठिकाणं लिहिली की झालं!

मेसेजही वाय-फायच्या वाटेने जाऊ शकतात, बरं का! साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात. १६०च का? जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रिडहेल्म हिलेब्रांड नावाचे इंजिनिअर होते. १९८५ मध्ये ते टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्यं टाइप करत बसले आणि अक्षरं मोजत गेले. बहुतेक वाक्यं १६०च्या आत संपली!

पण मराठीत लिहिलंस तर एरवी फक्त ७० मावतात. इंग्रजी अक्षरं थोडी, त्यांना जागा कमी लागते. जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं सामावून घ्यायची तर प्रत्येकाला जास्त जागा द्यावी लागते. इंग्रजी मेसेजमध्ये एकच हसरा इमोजी टाक, की त्याचीही मर्यादा धाडकन ७० वर! मेसेज लांबला, तर फोन त्याचे तुकडे करतो आणि पलीकडचा फोन ते जोडतो.

शिवाय आपले काने, मात्रे, वेलांट्या वेगवेगळ्या मोजतात. जोडाक्षरातला पाय मोडलेला असतो ना, तोही वेगळा! 'नमस्कार' लिहिलं की न, म, स, मोडलेला पाय, क, काना, र. झाले सात! आता तू 'ज्ञानेश्वरी' मोजून बघ. घाई नको, 'ज्ञ'मध्येच तीन लपलेत.

अकरा आले का?