क्षयाचा जंतू आणि शरीराची संरक्षणयंत्रणा

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. आज या रोगावर परिणामकारक औषधे उपलब्ध असूनही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. हा रोग इतका चिवट का, याचे उत्तर बऱ्याच अंशी जंतू आणि आपली रोगप्रतिकारशक्ती यांच्यातील संबंधात सापडते.

रुग्णाच्या खोकल्यातून हवेत मिसळलेले जंतू श्वासावाटे फुप्फुसात पोहोचतात. तेथील मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्यांना गिळंकृत करतात. इतर बहुतेक जंतू पेशीतील पाचक द्रव्यांमुळे नष्ट होतात. क्षयाचा जंतू मात्र स्वतःला वेढणाऱ्या पिशवीशी पाचक द्रव्यांची पिशवी जोडली जाऊ देत नाही. परिणामी ज्या पेशीने त्याला मारावयाचे, तिच्यातच तो वाढू लागतो. टी-पेशींना त्याची वर्दी पोहोचण्यासही काही आठवड्यांचा विलंब होतो.

पुढे टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य स्रवून भक्षक पेशींचे बळ वाढवितात. जंतूंभोवती पेशींचे कडे तयार होते. या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. तिच्यात जंतू वर्षानुवर्षे सुप्तावस्थेत राहू शकतात. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के व्यक्तींनाच आयुष्यात प्रत्यक्ष रोग होतो. कुपोषण, एचआयव्ही, मधुमेह किंवा धूम्रपान यांमुळे प्रतिकारशक्ती दुबळी झाली की हा धोका वाढतो. विशेष म्हणजे, फुप्फुसात पोकळ्या पडतात त्या मुख्यतः शरीराच्याच तीव्र प्रतिक्रियेमुळे. आणि तेथूनच जंतू खोकल्यावाटे इतरांपर्यंत पोहोचतात.

सुप्त जंतू औषधांना सहजासहजी बळी पडत नाहीत. म्हणूनच बरे वाटू लागले तरी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत उपचार घेणे आवश्यक असते. आहाराचे महत्त्वही तितकेच आहे. झारखंडमधील एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ रुग्णाला शिधा मिळालेल्या कुटुंबांच्या तुलनेत, सर्व सदस्यांना शिधा मिळालेल्या कुटुंबांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये करण्यात आली.

औषधे जंतूंचा नाश करतात. पण त्यांना रोखून धरणारे कडे सुदृढ शरीरच उभारते. क्षयनिर्मूलनाच्या कार्यात औषधाच्या गोळीइतकेच ताटातील अन्नालाही स्थान आहे, ते यामुळेच.